ज्याचा हात, त्याचा भार

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माणदेशातल्या एका गावात दर मंगळवारी बाजार भरतो. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांचा आठवडा या बाजारावर चालतो. पहाटे माळाच्या कडेला शेळ्या-मेंढ्या उतरतात. दिवस वर आला की वेशीपासून देवळापर्यंत भाजी, मिरची, सुके बोंबील, मडकी, तयार कपडे, बांगड्या आणि भज्यांची कढई असं सगळं मांडलं जातं. मेंढरांचा भाव तिथे तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा रुमालाखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी सौदा दोघांनाच कळतो.

२०२० च्या मार्चमध्ये हा बाजार बंद झाला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली आणि पोलीस पाटलाने वेशीवर बाभळीचे काटे टाकले. पहिले काही आठवडे गाव एकदिलाने घरात बसलं. पुढे उन्हाळा सरला, पेरण्या झाल्या, तरी मंगळवार सुनाच राहिला. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळत होतं, त्यामुळे उपाशी कुणी झोपलं नाही. पण तेल, मीठ, मिरची, मोबाइलचं रिचार्ज, पोराची वही आणि म्हातारीची बीपीची गोळी रेशनवर मिळत नाही. ते सगळं मंगळवारच्या गल्ल्यातून येत होतं.

१४ ऑक्टोबरला राज्य सरकारचा आदेश आला. प्रतिबंधित क्षेत्राबाहेर आठवडी बाजार आणि जनावरांचे बाजार भरवायला मोकळीक मिळाली. त्याच आठवड्यात पावसाने दक्षिण महाराष्ट्राला झोडपलं होतं. काढणीला आलेली बाजरी शेतात भिजली होती, दसरा दहा दिवसांवर होता आणि प्रत्येकाला हातात चार पैसे हवे होते. सप्टेंबरमध्ये राज्यात दिवसाला वीस हजारांवर नवे रुग्ण सापडत होते, तो आकडा आता उतरणीला लागला होता. तालुक्याच्या कोविड केंद्रातल्या खाटा मात्र अजून रिकाम्या झाल्या नव्हत्या.

सरकारने मोकळीक दिली होती, सक्ती केली नव्हती. बाजार भरवायचा की नाही, हे ठरवणं गावावर आलं. सरपंचबाईंनी शाळेच्या पटांगणात बैठक बोलावली. गुरुजींनी चुन्याने चौकोन आखून दिले आणि एकेका चौकोनात एकेक माणूस बसलं.

गुरुजी निवृत्त होऊन सहा-सात वर्षं झाली होती. ते आधी उठले. "पंतप्रधानांनी मार्चमध्ये काय सांगितलं होतं? जान है तो जहान है. जीव राहिला तर बाजार पुन्हा भरेल. गेलेला माणूस कुठल्या बाजारात विकत मिळत नाही."

आडतीचा धंदा करणारे शेठ लगेच उठले. "गुरुजी, त्याच पंतप्रधानांनी एप्रिलमध्ये जान भी, जहान भी म्हटलं, ते सांगा की! ऑगस्टअखेर आकडे आले. पहिल्या तिमाहीत देशाचं उत्पन्न जवळजवळ चोवीस टक्क्यांनी घसरलं. एकट्या शेतीने मान वर ठेवली, तीन टक्क्यांवर वाढली. आता पिकलेला माल विकायचाच नाही म्हणता. मग ते पिकवलं कशाला?"

दोन्ही बोलण्यांना माना डोलल्या. मग बोलाचालीला तोंड फुटलं. कुणी म्हणालं, शेठला माणसापेक्षा कमिशन मोठं. कुणी म्हणालं, गुरुजींना एक तारखेला पेन्शन येते, त्यांना बंद परवडतं. बघता बघता गावाचे दोन तट पडले. एक जिवाची बाजू घेणारा, दुसरा पोटाची.

सरपंचबाई म्हणाल्या, "आता हात वर करा. बाजार बंदच ठेवावा असं कुणाला वाटतं?"

शेठ आणि त्यांच्याजवळचे सात-आठ लोक सोडले तर सगळ्यांचे हात वर गेले. बाजारात बसणाऱ्या कासारीण मावशीचाही गेला आणि भजीवाल्याचाही. चारचौघांत 'माणसं मेली तरी चालतील' या बाजूला कोण दिसणार? निकाल लागला, बाजार बंद. गुरुजींनी समाधानाने मास्क सारखा केला.

रात्री नवाच्या सुमाराला सरपंचबाईंच्या मागच्या दाराची कडी वाजली. बाहेर भाजीवाली उभी होती. "ताई, बंद तर बंद. पण माझी मेथी उद्या पिवळी पडंल. मला तेवढं एका कोपऱ्यात बसू द्या की." ती गेली तोवर कापडवाला आला, त्याच्यामागून टेम्पोवाला. प्रत्येकाचं म्हणणं एकच होतं. बाजार बंद असावा, फक्त त्याच्यापुरता चालू असावा. आणि यातल्या प्रत्येकाने संध्याकाळी हात वर केला होता.

अंगणात सरपंचबाईंचे चुलत सासरे घोंगडीवर बसले होते. त्यांचं उभं आयुष्य मेंढरांमागे गेलं होतं. ते हसले. "सूनबाई, मेंढराचा भाव कंदी वरडून सांगत्यात व्हय? खरा आकडा रुमालाखाली असतोय. तू समद्यांना वरडून इचारलंस, मंग त्यांनी वरडायजोगंच सांगितलं."

सरपंचबाईंना बोलणं पटलं, पण बैठकीचा निर्णय फिरवायचा कसा? त्या गप्प राहिल्या.

पहिला मंगळवार उजाडला, २० ऑक्टोबर. बाजारपेठेत शुकशुकाट होता. गुरुजी सकाळी फेरी मारून खूश होऊन परतले. पण देवळामागे, ओढ्याच्या अंगाला चिंचांची राई आहे. तिथे पहाटे चारपासून बाजार भरला होता. नेहमीच्या बाजाराला एक लांबलचक रस्ता लागायचा, तो सगळा इथे दहा-बारा झाडांखाली कोंबला होता. बॅटरीच्या उजेडात माणसाला माणूस खेटून उभं होतं. पोलीस पाटील येण्याआधी उरकायचं म्हणून घाई चालली होती. मास्क हनुवटीवर होते, कारण अंधारात गिऱ्हाइकाला चेहरा दाखवावा लागत होता. मेंढरांचे सौदे रुमालाखाली, हातात हात घेऊन झाले. उजाडायच्या आत सगळं पांगलं. गावाने बंद केलेला बाजार असा आधीपेक्षा दाट भरला.

त्या गर्दीत भजीवाला होता. आदल्या रात्रीपासून त्याचं अंग मोडून आलं होतं. पण सात महिन्यांत पहिल्यांदाच कढई तापणार होती, उधारीवर तेलाचा डबा आणला होता. त्याने क्रोसिनची गोळी घेतली आणि भजी तळली.

ही बातमी लपण्यासारखी नव्हती. दुपारपर्यंत शेठना कळली. त्यांनी सरपंचबाईंना गाठलं. "बघितलंत? तुम्ही बंद केलात, लोकांनी चोरून भरवला. त्यापेक्षा उघडपणे भरवू. लोकांना बाजार हवाय, हे सिद्ध झालं."

बोलण्यात तथ्य होतं. पुढच्या मंगळवारी बाजार उघडायचं ठरलं. कुणी काही आखलं नाही, काही मांडलं नाही. वेशीवरचे काटे काढले आणि दवंडी दिली.

दुसरा मंगळवार, २७ तारीख. विकणारे झाडून सगळे आले, घेणारे आले नाहीत. मधल्या आठवड्यात भजीवाल्याचा ताप वाढला होता. गावच्या आशा सेविकेने, म्हणजे आशाताईंनी, बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा नव्वदच्या आसपास दिसला. त्याला रुग्णवाहिकेने साताऱ्याला न्यावं लागलं आणि ही खबर वाड्या-वस्त्यांवर कधीच पोचली होती. ज्यांच्याकडे पैसे होते ते सगळ्यांत आधी घाबरले. मास्तर, तलाठी, बागायतदार, पोरं मुंबईला असलेली घरं यांनी फोनवर किराणा मागवला आणि दारं लावून घेतली. शेठच्या आडतीसमोर मिरचीची पोती दिवसभर ऊन खात पडली. कासारीण मावशीने सकाळी मांडलेल्या बांगड्या संध्याकाळी तशाच गुंडाळल्या. मुलांसाठी आणलेली वडापावची गाडीही भरल्या परातीनिशी परत गेली.

त्याच आठवड्याच्या शेवटी भजीवाल्याचे वडील गेले. वय सत्तरीचं, दम्याचा जुना आजार. ते या दोन्ही बाजारांत पाऊलही ठेवायला गेले नव्हते. साताऱ्यात भजीवाला ऑक्सिजनवर होता, त्याला बापाला खांदा देता आला नाही. चार माणसांनी पांढरे पोशाख घालून अग्नी दिला.

आता गावाला बोट दाखवायला माणूस मिळाला. पारावर बोललं जाऊ लागलं की भजीवाल्याने आपल्या हाताने बाप मारला. ताप असताना तो कढईला बसलाच का?

कासारीण मावशी चुडा भरायला एका घरी गेली होती. तिच्यासमोर हे बोलणं निघालं. तिच्या तोंडाला कधी लगाम नसतो. ती म्हणाली, "बसला, कारण घरी बसला असता तर चौदा दिस त्याच्या घरात तेल कुनी टाकलं असतं? तुम्ही? का मी? ताप आलाय असं सांगितलं असतं तर आपुन काय केलं असतं? लांबून डबा दिला असता, का दारावर काटं टाकलं असतं? त्यानं बापाला मारलं म्हणता. मंग बंदला हात वर केलेल्या सगळ्यांनी हाताला हात लावला, माज्यासकट."

हा प्रश्न सरपंचबाईंच्या कानावर गेला. त्यांनी आशाताईंना बोलावलं. आशाताई त्या वेळी 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघर फिरून आल्या होत्या. ताप मोजला होता, ऑक्सिजन पाहिला होता, कुणाला शुगर आहे, कुणाला बीपी, हे वहीत लिहिलं होतं. सरपंचबाई म्हणाल्या, "ताई, अजून एक फेरी मारावी लागेल. या वेळी ताप मोजायचा नाही. प्रत्येक घरी दार लोटून, एकट्या-दुकट्याला तीन गोष्टी विचारायच्या. बाजार बंद राहिला तर तुमच्या घरची फोडणी किती दिवस चालेल? बाजार उघडला तर तुमच्या घरात कुणाच्या जिवाला घोर आहे? आणि जे व्हावंसं तुम्हाला वाटतं, त्यासाठी तुम्ही स्वतः काय द्याल?"

चार दिवसांनी आशाताई वही घेऊन आल्या. दोघी रात्री उशिरापर्यंत पानं उलटत बसल्या. गावात दोन तट आहेत असं इतके दिवस सगळे धरून चालले होते. वहीत ते तट सापडेनात.

बाजार उघडा म्हणून ओरडणाऱ्या शेठच्या घरी ऐंशीची आई होती, फुप्फुसं आधीच दुबळी. शेठ रोज संध्याकाळी अंगणातच आंघोळ करायचे आणि तिच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेरून बोलायचे. बंद ठेवा म्हणणाऱ्या गुरुजींचा पुतण्या टेम्पो चालवायचा. त्याचे हप्ते थकले होते, फायनान्सवाले दारात येत होते आणि गुरुजींच्या पेन्शनचा मोठा वाटा तिकडे जात होता. कासारीण मावशीला बाजार हवा होता, पण चौसष्टाव्या वर्षी तिला स्वतःला शुगर होती. कापडवाल्याची बायको सात महिन्यांची गरोदर होती. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं जवळजवळ प्रत्येक घरात एकाच वेळी होती. जीव आणि पोट असे दोन पक्ष गावात नव्हते, ते एकेका घरात शेजारी शेजारी बसले होते. चारचौघांत बोलताना माणसाने त्यातला एक पुढे केला होता, एवढंच.

तिसऱ्या प्रश्नापाशी मात्र पानं कोरी होती. काय द्याल, याचा विचार कुणी केला नव्हता. त्यांना तो आजवर कुणी विचारलाच नव्हता.

दिवाळीला आठवडा उरला असताना पुन्हा बैठक भरली. पुन्हा चौकोन आखले. शेठनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "मला एकच माहीत आहे. बंदीने वाटोळं होतं. उघडं ठेवा, बाजार आपोआप रुळावर येईल."

गुरुजी उठले. या वेळी त्यांचा आवाज खाली होता. "शेठ, माझे पणजोबा मुंबईला गिरणीत होते. आपल्या साताऱ्याची आणि कोकणातली माणसंच तिथल्या गिरण्या चालवत होती. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉक्टर विएगस यांना प्लेगचे रोगी सापडले. गिरण्यांना कुणी कुलूप लावलं नाही. भोंगा रोज वाजत होता. पण माणसं जिवाच्या भीतीने गाव गाठू लागली. आठ लाखांवर वस्तीचं शहर, फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मं रिकामं झालं. महिना-महिना पगार अडवून ठेवणारे मालक रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून रोजच्या रोज रोख मजुरी देतो म्हणून कामगारांची बोली लावू लागले. गिरणी उघडी होती, माग बंद होते. आपला दुसरा मंगळवार तसाच गेला."

शेठ काही बोलले नाहीत.

गुरुजी पुढे म्हणाले, "आता माझ्याबद्दल बोलतो. त्याच १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारने साथरोग कायदा केला. यंदा मार्चमध्ये आपल्यावर लागू केला, तोच. त्या कायद्याच्या जोरावर घरांच्या झडत्या घेतल्या, रोग्यांना ओढून इस्पितळात नेलं. लोकांनी काय केलं? मुंबईत, पुण्यात रोगी लपवले, मयत लपवली. लपवलेला रोग जास्त पसरला. मी बंद मागितला आणि तो चिंचेच्या राईत लपला. उघडं ठेवल्याने गिऱ्हाईक येत नाही आणि बंद म्हटल्याने रोग थांबत नाही. दोन्ही वेळा आपण दारापाशी भांडत होतो. आत कोण आजारी आहे आणि त्याच्या घरी काय शिजतंय, हे कुणी पाहिलं नाही."

मग सरपंचबाईंनी सांगितलं, "आज हात वर करायचा असेल तर एक अट आहे. बंद म्हणणाऱ्याने सांगायचं, बंदमुळे ज्याची चूल थांबेल त्याच्यासाठी तो काय देईल. उघडं म्हणणाऱ्याने सांगायचं, उघड्यामुळे जो आजारी पडेल त्याच्यासाठी तो काय करेल. नुसता हात मोजणार नाही."

बराच वेळ एकही हात वर गेला नाही. हातवारे थांबले आणि बोलणं सुरू झालं. आधीच्या बैठकीत मतं भरपूर होती, सूचना एकही नव्हती. या वेळी सूचनाच येऊ लागल्या.

सगळ्यांत आधी आजारपणाचं ठरलं. ज्याला ताप, खोकला, त्याने आशाताईंना सांगायचं आणि घरी बसायचं. त्याच्या घरी चौदा दिवस किराणा गाव पोचवेल आणि बुडालेल्या प्रत्येक मंगळवारची ठरावीक भरपाई देईल. त्यासाठी पेटी उभी केली. पगारदार आणि पेन्शनवाल्यांनी महिन्याला एक दिवसाचं उत्पन्न घालायचं. शेठनी आडतीतल्या प्रत्येक पोत्यामागे ठरावीक रक्कम कबूल केली. बाजारात बसणाऱ्यांना पैसा जड जाईल म्हणून त्यांनी दर मंगळवारी मापटंभर धान्य किंवा तेवढ्या मोलाची भाजी द्यायची.

मग बाजाराचं ठरलं. एका रस्त्यावरचा बाजार चार जागी फोडायचा. भाजी शाळेच्या पटांगणात, कारण शाळा बंदच होती. कापड आणि बांगड्या ग्रामपंचायतीसमोर, किराणा बाजारपेठेत, मेंढरं वरच्या माळावर. साठीच्या पुढच्यांनी दुकान लावायचं नाही. त्यांचा माल घरातल्या किंवा शेजारच्या तरण्या पोराने विकायचा. कासारीण मावशी यावर चिडली, कारण बांगडी भरायचा हात तिचाच. शेवटी तिने ठरवलं की माप घेऊन बांगड्या नुसत्या विकायच्या आणि भरायचं काम साथ सरल्यावर. सगळ्यांत मोठा वाद रुमालावरून झाला. पिढ्यान् पिढ्यांची रीत सोडायला दलाल तयार होईनात. तेव्हा घोंगडीवरच्या म्हाताऱ्यानेच तोड काढली. मोबाइलवर आकडा टाकायचा आणि समोरच्याला लांबून तेवढाच पडदा दाखवायचा. "गुपित ऱ्हायलं म्हंजे झालं," ते म्हणाले. "हात कशाला धरायचा?"

बाजाराचा तिसरा मंगळवार, १० नोव्हेंबर, धनत्रयोदशीच्या अलीकडचा. बाजार नेहमीच्या मानाने निम्माच भरला असेल, पण माल खपला. लोक का आले, हे शेठनी दुसऱ्या दिवशी दोन-चार जणांना विचारलं. मास्क, अंतर, चार जागा हे सगळ्यांनी सांगितलं. एका बागायतदाराने वेगळंच सांगितलं. "तुमच्या गावात आजारी माणूस घरी बसतो, त्याला बसणं परवडतं, असं ऐकलं. म्हणून आलो."

कुणी न विचारता तीन घरांनी आशाताईंना फोन करून ताप असल्याचं कळवलं होतं. त्यातल्या एकालाच कोरोना निघाला. तिघांच्याही दारात पेटीतला किराणा गेला. भजीवाला घरी परतला होता, अजून चार पावलं चालून दमत होता. पेटीतली पहिली भरपाई त्याला मिळाली. ती हातात घेऊन तो बराच वेळ रडला. ही पेटी वीस दिवस आधी असती तर, एवढंच म्हणाला.

ही व्यवस्था निर्दोष नव्हती. दोन पगारदारांनी दुसऱ्या महिन्यात पैसे देणं थांबवलं. एकाने ताप नसताना ताप सांगून किराणा उचलला. गावाने पहिल्यांच्या घरी शेठना पाठवलं आणि दुसऱ्याला कासारीण मावशीच्या तोंडी दिलं. पुढे तिघांचंही वागणं सुधारलं.

या पेटीची खरी परीक्षा २०२१ च्या एप्रिलमध्ये झाली. दुसरी लाट पहिलीपेक्षा कितीतरी दांडगी होती. १४ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात 'ब्रेक द चेन'चे कडक निर्बंध लागले. सरकारने सोबत ५,४७६ कोटी रुपयांची मदतही जाहीर केली. महिनाभर मोफत धान्य, मोफत शिवभोजन थाळी, नोंदणी असलेले फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक आणि बांधकाम कामगारांना पंधराशे रुपये. आधीच्या वर्षीच्या मानाने हे शहाणपण होतं. बंद जाहीर करताना भरपाईही जाहीर झाली. पण आठवडी बाजारात जमिनीवर पथारी टाकणाऱ्या कासारणीची नोंद कुठल्याच यादीत नव्हती.

त्या वेळी या गावाने बाजार स्वतःहून बंद केला. बैठक अर्ध्या तासात संपली. जो उठला तो आधी भार सांगायचा, मग मत. शेठनी सगळ्यांत आधी बंदच्या बाजूने हात वर केला आणि त्याबरोबर दहा पोती ज्वारीचा शब्द दिला. चिंचेची राई सबंध एप्रिल आणि मे रिकामी राहिली. पोलीस पाटलाला एकदाही काठी उचलावी लागली नाही. त्या लाटेत गावातली माणसं गेलीच, सगळ्या महाराष्ट्रात गेली. पण ताप लपवून मंगळवारी दुकान मांडणारा पुन्हा एकही निघाला नाही.

तात्पर्य : साथीच्या काळात 'जीव मोठा की पोट' असा प्रश्न विचारला की लोक चारचौघांत शोभणारं उत्तर देतात आणि मागच्या दाराने दुसरं वागतात. म्हणून लोकांचं मत घेताना त्याची किंमत कोण मोजणार, हेही त्याच वेळी विचारावं. जो बंद मागतो त्याने बंद पडलेल्या चुलीचा वाटा उचलावा आणि जो बाजार मागतो त्याने आजारी पडणाऱ्याचा. आजारी माणसाला घरी बसणं परवडलं, तरच रोगही आवरतो आणि बाजारही चालतो. पुढची साथ कधी येईल ते कुणाच्या हातात नाही, पण आपल्या गावाची पेटी आजपासून उभी करणं प्रत्येकाच्या हातात आहे.